पश्चिमेची खिडकी, पीएस ५ आणि नऊ हप्ते

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात टू बीएचके, हॉल दहा बाय चौदा फुटांचा, दहा फुटी भिंतीत पश्चिमेला मोठी खिडकी. दिवसभर बातम्या आणि क्रिकेट, संध्याकाळी मुलांचा पीएस ५ (गेमचा कन्सोल), रात्री घरच्यांसोबत सिनेमा. बजेट ९० हजार. ५५ इंची ओएलईडी टीव्ही (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) घ्यावा की ६५ इंची मिनी एलईडी (पडद्यामागे छोट्या दिव्यांचे गट असलेला)? आणि पैसे नो कॉस्ट ईएमआयवर द्यावेत का? क्रेडिट कार्डाची मर्यादा दीड लाख, बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं, आणि कधीकधी नुसती किमान रक्कम भरली जाते.

उत्तर आधी सांगतो. ६५ इंची मिनी एलईडी घ्या, पण अस्सल १२० हर्ट्झ पॅनलचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा. पैशांचं म्हणाल तर कार्डावर मागची थकबाकी असेल तोवर टीव्ही घेऊ नका. ती पूर्ण फिटल्यावर, एकरकमी भरायची ताकद असेल तर एकरकमी, नसेल तर हप्त्याने. आता कारणं.

सुरुवात खोलीपासून. टीव्ही चौदा फुटी भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला लावला, की डोळ्यांपासून पडद्यापर्यंत आठ ते साडेआठ फूट उरतात, म्हणजे २४५ ते २६० सेंटिमीटर. फोर-के टीव्हीसाठी कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतर बरं पडतं. ५५ इंचाचा कर्ण १४० सेंटिमीटर, त्याचं योग्य अंतर १६८ ते २२४. ६५ इंचाचा १६५, त्याचं १९८ ते २६४. तुमच्या सोफ्यावरून ५५ इंची टीव्ही चालेल, पण गेममधली बारीक अक्षरं वाचायला मुलं पुढे सरकून बसतील. ८-के कोणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा. ६५ इंचावर फोर-केचा एक ठिपका ०.३७ मिलिमीटरचा असतो आणि चांगल्या नजरेलासुद्धा तो सव्वा-दीड मीटरच्या पुढे सुटा दिसत नाही.

चौदा फुटी भिंत निवडण्याचं दुसरं कारण म्हणजे खिडकी टीव्हीच्या बाजूला येते. खिडकीसमोर टीव्ही लावला की पडद्यात खिडकीच दिसते; खिडकीच्याच भिंतीवर लावला तर बघणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येतं आणि पडदा काळवंडल्यासारखा वाटतो. शिवाय आपल्याकडे पश्चिमेची भिंत मे महिन्यात संध्याकाळी हाताला चटका देते, तिच्यावर टीव्ही टांगणं त्याच्या पॉवर सप्लायला मानवत नाही. उंचीबाबत एकच सांगतो: बसल्यावर डोळे जमिनीपासून शंभरेक सेंटिमीटरवर असतात, पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. ६५ इंची पडदा साधारण ८१ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे खालची कड ६० ते ६५ सेंटिमीटरवर. देव्हाऱ्याच्या उंचीवर टीव्ही टांगायची पद्धत मानेला आणि चित्राला दोघांनाही वाईट, कारण व्हीए प्रकारच्या पॅनलचा (त्याबद्दल पुढे) काळा रंग खालून बघितला की राखाडी दिसतो.

आता ओएलईडी. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला त्याच्यासारखं चित्र नाही, हे निर्विवाद. प्रत्येक ठिपका स्वतः विझतो, त्यामुळे काळं ते खरंच काळं. पण तुमच्या हॉलमध्ये तीन गोष्टी त्याच्या विरोधात जातात. पहिली, उजेड. ओएलईडीमध्ये छोटा भाग झगझगीत होतो, पण पूर्ण पडदा पांढरा झाला, उदाहरणार्थ दिवसाची क्रिकेट मॅच, की वीज आणि उष्णता आटोक्यात ठेवायला टीव्ही स्वतःच प्रकाश कमी करतो. चांगला मिनी एलईडी त्याच चित्राला दुपटीहून जास्त उजेड देतो. क्यूडी-ओएलईडी प्रकारात तर खोलीत ऊन असलं की काळा रंग जांभळट-करडा दिसतो. दुसरी, दिवसभराच्या बातम्या. मराठी वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, बाजूला चौकट, हे सगळं एकाच जागी तासन् तास असतं. त्या जागचे ठिपके लवकर थकतात आणि काही वर्षांत पट्टीची सावली कायमची उमटते. बहुतेक वॉरंटीत हे धरत नाहीत, कार्ड नीट वाचा. तिसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. ओएलईडी टीव्ही बंद केल्यावर, साधारण चार तासांच्या एकूण वापरानंतर, स्टँडबायमध्ये स्वतःची छोटी दुरुस्ती करतो. आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त आहे. बटण बंद, की ती दुरुस्ती होतच नाही, आणि सावली आणखी लवकर येते.

मिनी एलईडीचेही दोष आहेत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी उपशीर्षकं आली की भोवती धुरकट वलय दिसतं, कारण मागचे दिवे ठिपक्याठिपक्याने नव्हे तर गटागटाने पेटतात. गट जितके जास्त तितकं वलय कमी. शंभराच्या आत गट असतील तर पेटीवरच्या ‘मिनी एलईडी’ शब्दाला फार अर्थ उरत नाही. पॅनल व्हीए आहे की आयपीएस तेही विचारा. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याहून किती पट उजळ) तीन ते सहा हजारांत, आयपीएसचा हजाराच्या आसपास. सिनेमासाठी व्हीए. फक्त बाजूच्या खुर्चीवर बसणाऱ्याला रंग थोडे फिके दिसतील, ती जागा पाहुण्यांना द्या.

खरी फसगत होते ती १२० हर्ट्झमध्ये. पेटीवर ‘मोशन २४०’, ‘१२० गेम ॲक्सिलरेटर’ असं काहीबाही लिहिलेलं असतं आणि आत ६० हर्ट्झचं पॅनल असतं. यातली एक युक्ती डीएलजी नावाची: पॅनल दोन ओळी एकदम रंगवतं, उभं रिझोल्यूशन निम्मं करतं आणि त्या बदल्यात १२० चा आकडा दाखवतं. फोर-केमध्ये मात्र ते साठच राहतं. ओळखायचं कसं? घरून पीएस ५ पिशवीत घालून दुकानात न्या. नवी पेठेतला दुकानदारही नव्वद हजारांच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. जोडल्यावर सेटिंग्ज, स्क्रीन अँड व्हिडिओ, व्हिडिओ आउटपुट, तिथे व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन उघडा. ३८४० बाय २१६० (म्हणजे फोर-के) समोर १२० हर्ट्झ आलं तर पहिली चाळणी पार. १०८० किंवा १४४० लाच १२० दिसलं, तर पुढचा टीव्ही बघा. ‘एचडीएमआय २.१’ या शब्दावरही भिस्त ठेवू नका. एचडीएमआयच्या नियमांत जुनं २.० वेगळं उरलेलंच नाही, त्यामुळे जुन्या क्षमतेच्या पोर्टलाही २.१ म्हणता येतं. सुविधा नावाने विचारा: फोर-के १२०, व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं), एएलएलएम (गेम सुरू होताच गेम मोड आपोआप लागणं), ई-आर्क (टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणं). चार पोर्टपैकी पूर्ण वेगाचे बहुधा दोनच असतात आणि त्यातलाच एक ई-आर्कचा असतो, म्हणजे साउंडबार लावल्यावर कन्सोलला एकच उरतो.

एचडीआरचं, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणाऱ्या चित्राचं, तेच. सिग्नल वाचता येतो म्हणून ‘एचडीआर’ लिहितात, पण दिवे कडेला आणि उजेड ३०० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) असेल तर चित्र साध्याहून मळकट दिसतं.

घरी आणल्यावर सेटिंगचा क्रम असा ठेवा. टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टाचा सिग्नल फॉरमॅट ‘एन्हान्स्ड’ किंवा त्याच अर्थाच्या पर्यायावर न्या; कंपनीकडून तो अनेकदा साध्यावर येतो आणि मग कन्सोल फोर-के १२० देतच नाही. केबल पीएस ५ च्या पेटीतलीच वापरा. लांब हवी असेल तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं लेबल आणि स्कॅन होणारा कोड असलेली, शक्यतो तीन मीटरच्या आत. केबल कमकुवत असली की मधूनच सेकंदभर पडदा काळा होतो किंवा पांढरे ठिपके चमकतात, आणि लोक टीव्हीचं पॅनल गेलं म्हणून घाबरतात. मग कन्सोलवर १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर ‘ऑटोमॅटिक’, एचडीआर ‘ऑन व्हेन सपोर्टेड’. टीव्हीच्या गेम मोडमध्ये टोन मॅपिंगला (झगझगीत भाग पडद्याच्या आवाक्यात बसवण्याची सेटिंग) एचजीआयजी हा पर्याय असेल तर ते निवडा, त्यानंतरच कन्सोलचं ‘ॲडजस्ट एचडीआर’ करा. पहिल्या दोन पडद्यांवर चिन्ह जेमतेम दिसेनासं होईल तिथे थांबायचं, तिसऱ्यावर सगळ्यात खाली. हा क्रम उलटा केला तर टीव्ही आणि कन्सोल दोघंही उजेड दाबायला बघतात आणि आभाळ पांढरंफटक होतं. गेम मोडचा खरा फायदा बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतच्या वेळेत: सिनेमा मोडमध्ये हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या घरात जाऊ शकतो, गेम मोडमध्ये दहा-पंधरावर येतो. पीएस ५ चं व्हीआरआर ४८ ते १२० हर्ट्झमध्येच चालतं. गेम त्याच्या खाली गेला की झटके पुन्हा दिसतील, त्यात टीव्हीचा दोष नाही. आणि डॉल्बी व्हिजनसाठी (एचडीआरचाच एक प्रकार) जास्त पैसे मोजणार असाल तर लक्षात घ्या, पीएस ५ गेमला ते देत नाही.

सिनेमा मात्र कन्सोलच्या ॲपवरून बघू नका, टीव्हीच्या ॲपवरून बघा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही. म्हणून साठवर कॅमेरा संथ फिरताना चित्र अडखळतं. मोड ‘फिल्ममेकर’, नसेल तर ‘सिनेमा’. रंगाचं तापमान ‘वॉर्म’. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, दुकानातल्या निळ्या चित्राची नजरेला सवय असते म्हणून. शार्पनेस शून्याजवळ, नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद. घरातल्या कुणाला अडखळणं खुपलं तर एक-दोनवर ठेवा. त्यापुढे गेलं की सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. फोर-के ओटीटीला १५ एमबीपीएस पुरतात. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा शंभर एमबीपीएसचाच असतो, त्याने बिघडत काही नाही.

खिडकीला जाड पडदा हवाच. ब्लॅकआउट कापड महाग वाटलं तर घरातली जुनी सोलापुरी चादर पडद्यामागे दुहेरी टाका. ऊन अडतंच, शिवाय खोलीतला घुमणारा आवाजही थोडा बसतो.

वीज आणि उष्णता हा भाग इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर हॉल दुपारी ३६-३८ अंशांवर असतो. पीएस ५ ची कंपनीने दिलेली मर्यादा ५ ते ३५ अंश आहे. म्हणजे मेमधल्या दुपारी, कूलर बंद असताना, काच लावलेल्या टीव्ही युनिटमध्ये कन्सोल ठेवून तीन तास गेम खेळणं हे त्याला मुद्दाम भाजणं आहे. सगळ्या बाजूंनी दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, उन्हाळ्यात दर महिन्याला धुळीच्या जाळ्या व्हॅक्यूमने साफ करा, आणि कूलरची ओली हवा थेट त्याच्यावर येऊ देऊ नका. मुलांचं खेळणं संध्याकाळी सातनंतर ठेवलं तर कन्सोल आणि अभ्यास दोघांचंही भलं होतं.

टीव्हीला स्टॅबिलायझर लागतो का? बहुतेक नवे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी दाबाने फारसं बिघडत नाही. नुकसान होतं वीज गेल्यावर ती परत येते त्या क्षणीच्या झटक्याने. त्यासाठी चांगला सर्ज प्रोटेक्टर हवा, आणि तो कामाला येण्यासाठी अर्थिंग जिवंत हवं. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या: दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, पाचाच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, टीव्ही नंतर. ६०० व्होल्ट-अँपिअरच्या यूपीएसवर टीव्ही आणि कन्सोल दोन्ही चालवायचा विचार असेल तर सोडा. कन्सोल दोनशे वॉटच्या आसपास, टीव्ही दीडशे ते अडीचशे. तो यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो.

एचडीएमआय पोर्ट जळण्याच्या तक्रारी वळवाच्या दिवसांत वाढतात. गच्चीवरच्या डिशची तार सेट-टॉप बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआय टीव्हीत. जवळपास वीज कडाडली की झटका याच वाटेने येतो आणि भिंतीवरच्या सर्ज प्रोटेक्टरला पत्ताही लागत नाही. आभाळ भरून आलं की डिशची तार काढून ठेवायची. एचडीएमआय केबल काढ-घालही दोन्ही उपकरणं सॉकेटवरून बंद करूनच करा.

भिंतीचं एक बघा. नव्या इमारतीत हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात पेटीतले प्लॅस्टिकचे गट्टू धरत नाहीत; ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन अँकर मागा. ६५ इंची टीव्ही वीस-पंचवीस किलोचा असतो. पेठेतल्या दगड-मातीच्या वाड्यात टांगूच नका, स्टँडवर ठेवा. डिलिव्हरीच्या वेळी पेटी उभीच आणायला लावा, उघडतानाचं सलग चित्रण करा, आणि पहिल्याच दिवशी पाच टक्के, पन्नास टक्के करडा पडदा लावून डाग, पट्टे, मेलेले ठिपके तपासा. बदलून देण्याची मुदत ऑनलाइन खरेदीत आठ-दहा दिवसांचीच असते.

किमतीबद्दल: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीवर सूट दाखवत असतील तर त्यातले पावणेआठ टक्के ही करातली घट आहे, दुकानदाराची मेहेरबानी नव्हे.

आता कार्ड. आधी किमान रकमेचा हिशोब मांडू, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महाग भाग टीव्ही नसून तोच आहे. ९० हजारांचं बिल आलं आणि पाच टक्के म्हणजे ४,५०० भरले. उरलेल्या ८५,५०० वर महिना साडेतीन टक्के धरले तर व्याज २,९९२, त्यावर १८ टक्के जीएसटी ५३९, मिळून ३,५३१ रुपये. भरलेल्या साडेचार हजारांतून मुद्दल हजार रुपयांनीही हललं नाही. वर दोन गोष्टी आणखी. व्याज देय तारखेपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून लागतं. आणि थकबाकी असेतोवर नव्या खरेदीला व्याजमुक्त मुदतच मिळत नाही, किराणा आणि पेट्रोलवरसुद्धा पहिल्या दिवसापासून मीटर पडतं. म्हणून सुरुवातीला म्हटलं की आधी थकबाकी शून्य करा.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये ‘नो कॉस्ट’ कसं बनवतात ते बघा. ९० हजार, नऊ हप्ते, दर १० हजार. बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरला तर कर्ज प्रत्यक्षात ८४,२८२ रुपयांचं दाखवतात; मधले ५,७१८ हे व्याज, आणि तेवढीच सूट विक्रेता देतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०२९ रुपये, तुमच्याच बिलात येतो. प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावरचा कर धरून २३५. एकूण साडेबाराशेच्या पुढे. हे काही भयंकर नाही. पण एकरकमी कार्ड स्वाइपवर मिळणारी तात्काळ सूट हप्त्याला लागू आहे का, हे विचारा. ती पाच हजारांची असेल आणि फक्त एकरकमीला असेल, तर ‘नो कॉस्ट’ सव्वासहा हजारांना पडला.

हप्त्याची एक जमेची बाजू मात्र मानायला हवी: त्या महिन्याचा हप्ता किमान रकमेत पूर्ण धरलेला असतो, त्यामुळे ज्याला फक्त किमान रक्कम भरायची खोड आहे त्याचाही टीव्ही वेळेत फिटतो. तोटा असा की मर्यादेतले ९० हजार अडकतात आणि हप्त्याहप्त्याने सुटतात. दीड लाखातले साठ टक्के वापरात दिसले की सिबिल स्कोअर थोडा खाली येतो. येत्या काही महिन्यांत गृहकर्जाचा अर्ज असेल तर हे टाळा. मधेच हप्ते बंद करायचे म्हटलं तर बऱ्याच बँका उरलेल्या मुद्दलावर तीनेक टक्के आणि कर घेतात.

एकरकमी घेणार असाल तर तारीख साधा. बिल १२ ला निघतं आणि भरायला वीसेक दिवस मिळतात. ११ तारखेला घेतलेला टीव्ही महिनाअखेरीपर्यंत फेडावा लागेल, १३ ला घेतला तर जवळपास पन्नास दिवस मिळतात. बिलाचं चक्र पगाराशी जुळत नसेल तर ते बदलून मागता येतं, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तशी तरतूद आहे. बँक खात्यातून पूर्ण रकमेचं ऑटो डेबिट लावा. अर्जात ‘मिनिमम’ आणि ‘टोटल’ असे दोन चौकोन असतात आणि घाईत पहिला निवडला जातो. तारीख चुकलीच तर तीन दिवसांच्या आत भरा. विलंब शुल्क त्यानंतरच लावता येतं.

दुकानदार कार्डावर दोन टक्के जादा मागत असेल तर ९० हजारांवर ते १,८०० होतात, त्यापेक्षा हप्ताही स्वस्त. रोखीत, बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाला तर वॉरंटीवर पाणी सोडल्यासारखं आहे. कार्डावरून एटीएममधून पैसे काढू नका, तिथे शुल्कही आहे आणि व्याजमुक्त मुदत अजिबात नाही. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद ठेवा, लागतील तेव्हा तेवढ्यापुरते चालू करा. अनोळखी व्यवहार दिसला तर आधी ॲपवरून कार्ड ब्लॉक, मग बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं आणि तुमची चूक नसेल तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं तुमच्या माथी.

मुलांच्या कन्सोलवर कार्ड जोडायचंच असेल तर मुलांसाठी वेगळं चाइल्ड अकाउंट करून त्यांची महिन्याची खर्च-मर्यादा शून्य ठेवा आणि तुमच्या खात्यावर खरेदीला पासवर्ड सक्तीचा करा. वर्षाच्या सबस्क्रिप्शनचं ऑटो रिन्यू घेतल्या दिवशीच बंद करा. ते आपोआप कापलं जाण्याआधी बँकेचा संदेश चोवीस तास आधी येतो, पण पंधरा हजारांपर्यंतच्या रकमेला ओटीपी मागितला जात नाही.